उभ्या गाडीची बॅटरी

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये रविवारी सकाळी तिसऱ्या मजल्यावरचे काका हातात फडकं घेऊन खाली येतात. गाडीवरचं कव्हर काढतात, काचा पुसतात, गाडी चालू करतात आणि दहा मिनिटं शेजारी उभे राहतात. गाडी कुठे जात नाही. मुलगी-जावई परदेशात, काकांना आता पुण्याच्या रहदारीत चालवायचा धीर होत नाही. पण रात्री-अपरात्री काकूंना दवाखान्यात न्यायची वेळ आली तर गाडी दारात असावी, एवढ्यासाठी ती ठेवलेली. या पावसाळ्यात एका रात्री तशी वेळ आली आणि गाडीने सेल्फ घेतला नाही. चावी फिरवली की डॅशबोर्डवरचे दिवे मिणमिणायचे आणि बोनेटखालून टक-टक-टक-टक असा आवाज यायचा, बस्स. शेवटी वॉचमनने रिक्षा आणली. काकू दुसऱ्या दिवशी घरी आल्या, सगळं निभावलं. पण नंतर काकांनी विचारलेला प्रश्न मनातून जाईना. "अहो, दर रविवारी न चुकता चालू करत होतो की. मग बॅटरी उतरलीच कशी?"

प्रश्न रास्त आहे. अगदी मनापासून काळजी घेणाऱ्या माणसाचा आहे.

आधी तो टक-टक आवाज. चावी फिरवली की स्टार्टरवरच्या सोलेनॉइडला, म्हणजे विजेने चुंबक होणाऱ्या स्विचला, करंट जातो, तो आतला दांडा ओढून घेतो, मोठा संपर्क जुळतो आणि स्टार्टरची मोटर एकदम दीडशे-दोनशे अँपिअर मागते. बॅटरीत दम नसला की त्या मागणीने व्होल्टेज कोसळतं आणि सोलेनॉइडची पकड सुटते. पकड सुटली की भार जातो, व्होल्टेज पुन्हा वर येतं, सोलेनॉइड पुन्हा ओढतो, पुन्हा सुटतो. हे सेकंदाला कितीतरी वेळा होतं, म्हणून तो लागोपाठचा आवाज. म्हणजे बॅटरी पार मेलेली नाही, अर्धवट भरलेली आहे. याउलट एकच दणकट "टक्" होऊन पुढे काही झालं नाही आणि दिवे मात्र लख्ख असले, तर संशय स्टार्टरवर किंवा सैल झालेल्या लगवर, म्हणजे बॅटरीच्या टर्मिनलवर कसलेल्या वायरच्या टोकावर, घ्यायचा. आणि काहीच आवाज नाही, दिवाही नाही, तर बॅटरी पूर्ण बसली आहे किंवा टर्मिनलच निसटलं आहे. गॅरेजवाल्याला फोन करताना "चालू होत नाही" एवढंच सांगण्यापेक्षा यातलं काय होतंय ते सांगितलं, तर तो योग्य सामान घेऊन येतो.

आता काकांच्या रविवारचा हिशोब. लहान पेट्रोल गाडीत साधारण ३५ अँपिअर-तासांची, म्हणजे एक अँपिअर ३५ तास पुरवेल एवढी, बॅटरी असते. गाडी बंद करून लॉक केली तरी तिच्यातलं सगळं काही बंद होत नाही. रिमोटची वाट बघणारा रिसीव्हर, चोरी रोखणारा इमोबिलायझर, घड्याळ, स्टिरिओची आणि इंजिनच्या कॉम्प्युटरची मेमरी, हे सगळं मिळून २० ते ५० मिलीअँपिअर सतत ओढत असतं. चांगल्या गाडीचा हा ठरलेला खर्च आहे, बिघाड नव्हे. ५० मिलीअँपिअर म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-तास, आठवड्याला ८.४. आणि सेल्फ मारायला किती लागतं? २०० अँपिअर दोन सेकंद धरले तरी जेमतेम ०.११ अँपिअर-तास. बहुतेकांचा समज नेमका उलटा असतो. "सेल्फ मारताना बॅटरी खर्च झाली, ती दहा मिनिटांत भरून निघाली" असं वाटतं, आणि तेवढी ती निघतेही. पण मधल्या सात दिवसांत जे झिरपून गेलं, ते सेल्फच्या सत्तर-ऐंशी पट असतं. त्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं, कारण त्याचा आवाज होत नाही.

भरायची बाजूही लंगडी असते. इंजिनवर फिरून वीज तयार करणाऱ्या अल्टरनेटरवर ७० किंवा ८० अँपिअर लिहिलेलं असलं तरी तो आकडा इंजिन वेगात फिरत असतानाचा. गाडी जागेवर उभी असताना, आठशे-नऊशे आरपीएमला, त्याच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत करंट मिळतो. त्यातला फ्युएल पंप, इग्निशन, इंजेक्टर आणि रेडिएटरचा फॅन आधी आपला वाटा काढून घेतात. हेडलाइट लावलेले असतील तर दोन ५५ वॅटचे बल्बच आठ अँपिअर खातात, एसीचा ब्लोअर वेगळा. उरलं ते बॅटरीला. शिवाय बॅटरी वाटेल तितक्या वेगाने वीज घेऊही शकत नाही. ८० टक्क्यांपर्यंत ती बऱ्यापैकी भराभर भरते, पुढचे २० टक्के भरायला कित्येक तास घेते. दहा मिनिटांत फार तर दीड-दोन अँपिअर-तास आत जातात. काकांच्या गाडीत ५० नाही, २५ मिलीअँपिअरच जात असतील असं धरू. तरी आठवड्याला चार गेले आणि दोन आले. दोन महिन्यांत बॅटरी निम्मी. त्यात काचा पुसताना दारं उघडी, आतला दिवा लागलेला, जोडीला चावी अर्धी फिरवून लावलेली गाणी. रिमोटचं बटण दाबून गाडी उघडली की आतले सगळे इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल जागे होतात आणि काही मिनिटं मिलीअँपिअरऐवजी चक्क अँपिअरमध्ये खातात. म्हणजे गाडीची निगा राखायची ती अर्धी सकाळसुद्धा बॅटरीच्या खात्यातून खर्च होते.

बेसमेंट पार्किंगमध्ये गाडी जागेवर चालू ठेवणं तर करूच नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि तळघरात हवा खेळती नसते. इंजिनलाही ते मानवत नाही. पेट्रोल जळताना तयार होणारी वाफ थंड सायलेन्सरमध्ये पाणी होऊन साचते, ते उडून जाण्याइतका तो दहा मिनिटांत तापत नाही, आणि आतून गंजत राहतो.

पूर्वी हा प्रश्न असा नव्हता. फियाट किंवा पद्मिनी महिनाभर उभी करून माणसं कोकणात जायची आणि परत आल्यावर चोक ओढून दोन-तीनदा सेल्फ मारला की ती चालू व्हायची. दाराचं कुलूप नुसतं लोखंडी, काचा हँडलने खाली-वर होणाऱ्या, कार्ब्युरेटरला मेमरी नाही. चावी काढली की गाडी खरोखर बंद. जुन्या अँबॅसेडरला तर बंपरमधून हँडल घालून चालू करायची सोय होती. केटरिंग नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये विजेचा सेल्फ-स्टार्टर बसवला, त्याआधी जगातल्या बहुतेक पेट्रोल मोटारी अशा हँडलनेच सुरू व्हायच्या आणि उलट झटक्याने माणसांचे हात मोडायचे. हातांची सुटका झाली, पण तेव्हापासून गाडी बॅटरीवर अवलंबून राहिली. गंमत म्हणजे बॅटरी मुळात तीच आहे, १८५९ मध्ये प्लांते नावाच्या फ्रेंच माणसाने केलेली, शिसं आणि गंधकाम्लाची. बदलली ती आजूबाजूची गाडी, जी आता कधी पुरती झोपतच नाही. २५ मार्च २०२० ला लॉकडाउन लागला आणि गावोगावच्या पार्किंगमध्ये गाड्या दोन-अडीच महिने जागच्या हलल्या नाहीत. जूनमध्ये लोक खाली उतरले तेव्हा एकाच रांगेतल्या कितीतरी गाड्या नुसती टकटक करत होत्या, काही तर तेवढीही नाही. त्या उन्हाळ्यात हा हिशोब घरोघरी पोचायला हवा होता. पोचली ती दहा मिनिटांची सवय.

एकदा उतरली, चार्ज केली, झालं, इतक्यावर भागलं असतं तर लिहायचं कारण नव्हतं. खरं नुकसान पुढे आहे.

बॅटरी उतरताना तिच्या दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेटचा थर बसतो. ताजा असताना तो भुसभुशीत असतो आणि चार्जिंगला लावलं की पुन्हा विरघळून जातो. पण बॅटरी निम्मी-शिम्मी अवस्थेत आठवडेच्या आठवडे पडून राहिली, तर हे स्फटिक मोठे आणि टणक होतात. मग चार्जर कितीही वेळ लावा, तो भाग परत येत नाही. म्हणून ३५ ची बॅटरी दोन पावसाळ्यांत २० ची होते. मीटरवर आकडा चांगला दिसतो, गाडी संध्याकाळी चालू होते आणि सकाळी होत नाही. दुकानदार म्हणतो "सेल गेला", आपण म्हणतो "कंपनी वाईट". बॅटरी वापरून संपलेली नसते, ती अर्धपोटी उभी राहून संपलेली असते. त्यात आपल्याकडची हवा. बॅटरी नुसती ठेवली तरी स्वतःहून उतरत असते आणि तापमान दहा अंशांनी वाढलं की तो वेग साधारण दुप्पट होतो. नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली उभ्या गाडीच्या बोनेटवर हात ठेवून बघा, आत काय चाललं असेल ते कळेल.

यावर पहिला उपाय म्हणजे एक साधा डिजिटल मल्टीमीटर घरात ठेवणं. पाचशे रुपयांच्या आत मिळतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी, काहीही चालू न करता, डीसी २० व्होल्टच्या रेंजवर लाल टोक प्लसला आणि काळं मायनसला लावायचं. १२.६ किंवा १२.७ आलं तर बॅटरी भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण. १२.२ म्हणजे निम्मी. १२.० म्हणजे पाव, आणि ११.८ च्या खाली गेली तर ती रिकामीच समजायची. एक व्होल्टपेक्षाही कमी अंतरात सगळा खेळ आहे, म्हणून काट्याच्या मीटरवर किंवा अंदाजावर जाऊ नये. गाडी नुकतीच चालवून आणली असेल तर आकडा खोटा वर दिसतो. हेडलाइट दोन मिनिटं लावून बंद करायचे आणि थोडं थांबून मोजायचं. १२.४ दिसलं की त्याच दिवशी चार्जिंगचं बघायचं, पुढच्या रविवारची वाट बघायची नाही. सेल्फ मारताना कुणाला तरी मीटरकडे बघायला सांगा: ९.६ च्या खाली आकडा गेला तर बॅटरी थकली आहे. गाडी चालू असताना १३.८ ते १४.५ च्या दरम्यान दिसायला हवं, नाहीतर दोष बॅटरीचा नसून अल्टरनेटरचा किंवा त्याच्या पट्ट्याचा. काही बॅटऱ्यांवर हिरवा-काळा-पांढरा दाखवणारा छोटा डोळा असतो. तो बॅटरीतल्या सहा सेलपैकी, म्हणजे कप्प्यांपैकी, एकाचंच सांगतो. बाकीचे पाच कसे आहेत ते त्याला दिसत नाही.

चालवून भरायची असेल तर खरंच चालवायला हवी. आठवड्यातून एकदा पाऊण-एक तास, मोकळ्या रस्त्यावर, शक्यतो दिवसा म्हणजे हेडलाइट लागत नाहीत. कोपऱ्यावरून दूध आणणं यात धरू नये, सिग्नलला रखडलेला अर्धा तासही नाही. पहाटे जुन्या हायवेने तळेगावपर्यंत जाऊन आलात तर बॅटरी, टायर, ब्रेक, एसी सगळ्यांचं भलं होतं. आणि बोनेटखाली बिऱ्हाड करू पाहणारे उंदीरही हलतात. ज्यांना चालवणं झेपत नाही त्यांनी विश्वासातला ड्रायव्हर महिन्यातून दोन-तीन वेळा तासाभरासाठी बोलवावा. तो पैसा वाया जात नाही.

पण वारंवार चालवणं जमत नसेल तर माझं स्पष्ट मत आहे: चार्जर घ्या. ऑटोमॅटिक, १२ व्होल्टचा, ज्यावर लेड-ॲसिड बॅटरीसाठी टप्प्याटप्प्याने चार्ज करणारा असं लिहिलेलं आहे असा. तो आधी जोरात भरतो, १४.४ व्होल्टच्या आसपास थोडा वेळ धरून ठेवतो, आणि मग १३.५-१३.६ वर येऊन नुसती राखण करतो. करंट किती घ्यायचा याचा जुना नियम चांगला आहे, क्षमतेचा दहावा भाग. ३५ च्या बॅटरीला साडेतीन अँपिअर, डिझेल गाडीच्या ६५ च्या बॅटरीला सहा-साडेसहा. निम्मी उतरलेली बॅटरी एका रात्रीत भरते. नुसती राखायची असेल तर एक अँपिअरचा छोटाही पुरतो. बॅटरीच्या दुकानात असतो तो जुना, ट्रान्सफॉर्मरवाला चार्जर मात्र गाडीत जोडलेल्या बॅटरीला लावू नये. त्याला थांबणं ठाऊक नसतं, व्होल्टेज १६ पर्यंत जाऊ शकतं आणि त्यात गाडीची इलेक्ट्रॉनिक्स भाजून निघतात. तो लावायचाच तर आधी बॅटरी सोडवायची. कुठलाही चार्जर असो, क्रम एकच: आधी लाल चिमटा प्लसला, मग काळा, आणि त्यानंतर भिंतीवरचं बटण. काढताना उलट. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, हवेत चार टक्क्यांवर गेला की तो पेट घेऊ शकतो, आणि चिमटा जोडताना उडणारी ठिणगी त्याला पुरेशी असते. इंजिन आपोआप बंद-चालू होणाऱ्या नव्या गाड्यांत मायनस टर्मिनलवर एक छोटा सेन्सर बसवलेला असतो. तिथे काळा चिमटा टर्मिनलला न लावता बॉडीच्या किंवा इंजिनच्या उघड्या धातूला लावावा, म्हणजे आत गेलेली वीज गाडीच्या कॉम्प्युटरच्या हिशोबात येते. अशा गाडीची बॅटरी ईएफबी किंवा एजीएम या जास्त दमाच्या प्रकारची असते, बदलताना त्याच प्रकारची घ्यायची. स्वस्त पडते म्हणून साधी टाकली तर ती वर्षभरात मान टाकते.

अडचण चार्जरची नसते, प्लगची असते. आपल्या पार्किंगमध्ये पॉइंटच नसतो, आणि सोसायटीच्या कॉमन मीटरवरून वायर ओढायची म्हटली की कमिटीत चर्चा सुरू होते. त्यांना आकडा सांगावा. ३५ ची बॅटरी पूर्ण रिकामी असली तरी ती भरायला एक युनिटसुद्धा लागत नाही. इलेक्ट्रिक गाड्यांमुळे आता अनेक इमारतींत पॉइंट येऊ लागलेत, त्याच निमित्ताने एक साधा १५ अँपिअरचा सॉकेट मागून घेतला तर बऱ्याच म्हाताऱ्या गाड्या वाचतील. पॉइंट मिळाला की बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलवर फ्यूजसकट एक छोटी वायर कायमची कसून तिचं टोक पुढच्या जाळीतून बाहेर काढता येतं. मग बोनेट उघडायलाही नको, मोबाइल चार्जिंगला लावावा तसं लावायचं. पॉइंट मिळालाच नाही तर महिन्यातून दोनदा बॅटरी वर घरी न्यायची. नऊ-दहा किलो वजन असतं, पेलणारं माणूस हवं. सरळ धरायची, आडवी करायची नाही, गॅलरीत ठेवायची, स्वयंपाकघरात नाही. फरशीवर ठेवली की बॅटरी उतरते असं जुने लोक सांगतात. रबरी डब्यांच्या काळात त्यात तथ्य असेल, आताच्या प्लास्टिकच्या डब्याला फरशीने काही होत नाही.

डॅशबोर्डवर ठेवायच्या सोलर पट्ट्या दिसतात. पाच वॅटची पट्टी भर उन्हात ०.३ अँपिअर देते, म्हणजे दिवसाकाठी गाडीचा ठरलेला खर्च भागतो. पण बेसमेंटमध्ये तिचा उपयोग शून्य, आणि उघड्यावरसुद्धा एक फसगत आहे. बऱ्याच गाड्यांत सिगारेट लायटरचा सॉकेट चावी काढली की बंद होतो, मग पट्टी ऊन खात बसते आणि बॅटरीपर्यंत काहीच पोचत नाही. चावी काढून त्या सॉकेटमध्ये मोबाइल चार्जर लावून बघावा. त्याचा दिवा लागला तर पट्टी चालेल.

काहीच शक्य नसेल तर बॅटरीच्या मायनसची वायर सोडून ठेवणं हा बिनखर्चाचा उपाय आहे, फक्त १० नंबरचा पाना लागतो. मायनसच का? गाडीची सगळी बॉडी मायनसला जोडलेली असते. प्लस आधी सोडायला गेलात आणि पाना चुकून बॉडीला टेकला, तर पूर्ण बॅटरी त्या पान्यातून शॉर्ट होते, पाना लाल होतो आणि हात भाजतो. मायनस सुटल्यावर तो धोका राहत नाही. जोडताना प्लस आधी, मायनस शेवटी. इथे एक पेच आहे, ज्यात माणसं हमखास अडकतात. बॅटरी सुटली की रिमोट चालत नाही, आणि बोनेटचा खटका गाडीच्या आत असतो. म्हणून आधी बोनेट उघडायचं, मग सगळी दारं लावून रिमोटने गाडी लॉक करायची, पाच-दहा मिनिटं थांबायचं, मग मायनस काढून लगला कापड गुंडाळायचं आणि बोनेट दाबून बंद करायचं. परत आल्यावर ड्रायव्हरच्या दाराला लोखंडी चावी. बटणाने चालू होणाऱ्या गाड्यांच्या रिमोटमध्येही अशी बारीक चावी लपवलेली असते. ती वर्षानुवर्षं न वापरल्याने कुलूप जाम झालेलं असतं. आधी एकदा फिरवून बघा, थोडा डब्ल्यूडी-४० हा गंज सोडवणारा स्प्रे मारा. मायनस सोडल्यावर घड्याळ शून्यावर येतं, काही स्टिरिओ कोड मागतात, सुरुवातीला इंजिनचं आयडलिंग थोडं वर-खाली होतं. ते आपोआप सुधारतं.

कधीकधी मात्र गाडी नेमाने चालवूनही दर तिसऱ्या-चौथ्या दिवशी बॅटरी उतरते. मग चोर शोधावा लागतो, आणि तो बहुधा बाहेरून बसवलेला असतो. पार्किंग मोडवरचा डॅशकॅम, विमा किंवा ड्रायव्हरवर नजर ठेवायला लावलेला जीपीएस, थेट बॅटरीवरून वायर घेतलेला स्टिरिओ, झाकण लागूनही न विझणारा डिकीतला दिवा. फास्टॅगवर काहींचा संशय असतो, पण त्या चिकटवलेल्या पट्टीला वीजच लागत नाही, टोलनाक्यावरचा रीडर तिला जागं करतो. बिनचावीच्या गाड्यांत आणखी एक कारण घराच्या दारामागच्या खुंटीवर लटकलेलं असतं. बंगल्याच्या पडवीत गाडी आणि भिंतीपलीकडे रिमोट, की काही गाड्या पुन्हा पुन्हा जाग्या होतात. रिमोट पाच-सात मीटर लांब ठेवावा. मोजायचं असेल तर मायनस सोडून लग आणि टर्मिनलच्या मधे मल्टीमीटर १० अँपिअरच्या रेंजवर लावायचा. बोनेट आणि दाराचे खटके स्क्रू-ड्रायव्हरने दाबून गाडीला दार बंद असल्याचं भासवायचं, आणि निदान अर्धा तास थांबायचं, कारण मॉड्यूल झोपायला वेळ घेतात. मधे मीटर असताना सेल्फ मारायचा नाही, मीटरचा फ्यूज किंवा मीटरच जातो. आकडा ०.०५ च्या वर राहिला तर एकेक फ्यूज काढून बघायचा. ज्या फ्यूजला आकडा खाली पडला, चोर त्या रस्त्यावर.

पावसाळ्यात टर्मिनलवर पांढरी-निळसर बुरशी चढते. बुरशी म्हणायचं, पण ते असतं आम्लाच्या वाफेने धातूवर धरलेलं मीठ. ते लगच्या आत शिरलं की बॅटरी भरलेली असूनही करंट जात नाही. दोन्ही लग सोडून, कपभर कोमट पाण्यात चमचाभर खायचा सोडा विरघळवून जुन्या टूथब्रशने घासावं. फसफसून फेस येतो, तो थांबला की आम्ल संपलं. सोड्याचं पाणी सेलच्या बुचातून आत जाऊ देऊ नये. कोरडं करून लग घट्ट कसायचे आणि वरून व्हॅसलीनचा पातळ हात. बुचं असलेल्या बॅटरीत पाणी फक्त डिस्टिल्ड टाकायचं. आरओचं नाही, नळाचं नाही, आणि ॲसिड तर कधीच नाही, कारण उडून जातं ते पाणी. खुणेपर्यंतच भरायचं आणि शक्यतो चार्ज झाल्यावर, नाहीतर चार्जिंगच्या वेळी वर येऊन सांडतं.

आणि इतकं करूनही एखाद्या रात्री उतरलीच तर जंपर केबल डिकीत असावी. लाल वायर आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, दुसरं टोक चांगल्या गाडीच्या प्लसला. काळी चांगल्या गाडीच्या मायनसला, आणि शेवटचं टोक उतरलेल्या गाडीच्या इंजिनवरच्या उघड्या बोल्टला, बॅटरीपासून लांब, ठिणगी तिथे उडावी म्हणून. चांगली गाडी पाच मिनिटं चालू ठेवून मग सेल्फ मारायचा. बाजारातल्या केबल फार बारीक असतात, प्लास्टिकचं आवरण जाड आणि आत तांबं थोडं. वजन करून घ्या, हलकी असेल ती घेऊ नका. लिथियमचा छोटा जंप स्टार्टर उत्तम, पण तो उन्हात गाडीत ठेवू नये आणि तीन महिन्यांतून एकदा स्वतःच चार्ज करावा लागतो. धक्का स्टार्ट ऑटोमॅटिकला चालत नाही. इतर गाड्यांतही इंजिन बंद असताना स्टिअरिंग आणि ब्रेक जड असतात, हे धक्का मारणाऱ्यांपेक्षा आत बसलेल्याने लक्षात ठेवावं. गाडी चालू झाली म्हणजे बॅटरी भरली असं नाही. त्याच दिवशी तिला रात्रभर चार्जरवर लावायची. इलेक्ट्रिक गाडी असलेल्यांनीही निर्धास्त राहू नये. तिच्यातही १२ व्होल्टची छोटी बॅटरी असते, आणि ती उतरली की मोठी बॅटरी काठोकाठ भरलेली असूनही गाडी रिमोटने उघडत नाही की चालू होत नाही.

आता आणखी एका प्रसंगाबद्दल, कारण तो आपल्याकडे फार घरांत येतो. आई-वडील सहा महिन्यांसाठी मुलांकडे अमेरिकेला किंवा कॅनडाला निघतात, बॅगा वजनकाट्यावर चढतात, आणि गाडीची चावी शेजाऱ्यांकडे "अधूनमधून चालू करा हं" म्हणून दिली जाते. शेजाऱ्यांना या कामात घालू नका. निघायच्या आदल्या रात्री बॅटरी चार्जरवर पूर्ण भरा, सकाळी १२.६ दिसतंय याची खात्री करा आणि वर सांगितलेल्या क्रमाने मायनस सोडा. सुटलेली, चांगल्या स्थितीतली बॅटरी महिन्याला थोडीशीच उतरते, तीन महिने सहज तग धरते. सहा महिन्यांसाठी जात असाल तर शेजाऱ्यांना किंवा नेहमीच्या बॅटरीवाल्या दादांना एकच काम सांगा: तिसऱ्या महिन्याच्या शेवटी एक रात्र चार्ज. चालू करायची नाही, फिरवायची नाही. हँडब्रेक न ओढता गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला वीट लावा, नाहीतर ब्रेकचे लायनर चिकटतात. परत आल्यावर लगेच मायनस जोडून सेल्फ मारायची घाई करू नका. आधी मीटर लावा. १२.४ च्या खाली असेल तर ती रात्र चार्जरला द्या, टर्मिनलवर काही धरलं असेल तर साफ करा, मग मायनस कसा. घड्याळ लावा, आणि एका दाबात खाली-वर होणाऱ्या काचा तशा होईनाशा झाल्या असतील तर काच पूर्ण वर नेऊन बटण दोन-तीन सेकंद तसंच ओढून धरा, बहुतेक गाड्यांत तेवढ्याने त्या पुन्हा शिकतात.